मूलद्रव्ये मोजायला शिकवा : राज्यातील विज्ञान शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील माध्यमिक शाळांमधील सर्व विज्ञान शिक्षक व शिक्षिका

विषय : नववी-दहावीच्या प्रयोगांत टीसीएलमधील क्लोरीन आणि मिठातील आयोडीन मोजण्याचा समावेश करण्याबाबत.

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दहावीतल्या कोणत्याही मुलाला क्लोरीनबद्दल विचारा. अणुअंक १७, इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ७, हॅलोजन कुळ, संयुजा १, हे सगळे तो न अडखळता सांगेल. विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कसे तयार होते तेही सांगेल : विरी गेलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडायचा. आता त्यालाच विचारा, की गावच्या टाकीत आज टीसीएल किती पडले, त्या पावडरीत क्लोरीन किती उरला होता आणि शेवटच्या घराच्या नळाला त्यातला किती पोहोचला. इथे गाडी अडते. टीसीएल म्हणजे तेच विरंजक चूर्ण, हेदेखील पुष्कळांना ठाऊक नसते. एक पुस्तकातले आणि दुसरे ग्रामपंचायतीच्या गोणीतले, असे दोन वेगळे पदार्थ मुलांच्या डोक्यात राहतात.

घरातले आणि गावातले रसायनशास्त्र ‘किती’ या प्रश्नावर उभे आहे. हजार लिटर पाण्यात दीड ग्रॅम क्लोरीन गेला तर पटकी-हगवणीचे जंतू मरतात आणि पाणी पिण्याजोगे होते. तोच दीड ग्रॅम क्लोरीन ५ घनमीटरच्या बंद न्हाणीघरात वायू म्हणून सुटला तर हवेतले त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) घरात जाते, आणि या वायूचे १० पीपीएमदेखील जिवावर बेतणारे मानले जातात. मूलद्रव्य तेच, वजनही तेच. सारणीतल्या चौकटीत हा फरक कुठेच लिहिलेला नसतो, तो मोजूनच कळतो.

म्हणून आपल्याकडे एकच मागणी आहे. वर्षातून दोनदा मुलांना स्वतःच्या हाताने एक मूलद्रव्य मोजू द्या : एकदा टीसीएलमधला क्लोरीन, एकदा मिठातले आयोडीन. दोन्हींना मुख्य रसायने तीनच लागतात : पोटॅशियम आयोडाइड, सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्च. फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणत, तेच हे थायोसल्फेट. आम्ल म्हणून टीसीएलला स्वयंपाकातले व्हिनेगर चालते, मिठाला प्रयोगशाळेतले विरल सल्फ्युरिक आम्ल लागते.

द्रावणे आदल्या दिवशी करून ठेवावीत. थायोसल्फेटचे स्फटिक २४.८ ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण केले की ते ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) होते. पाणी उकळून थंड केलेले हवे, कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि जिवाणू थायोसल्फेट हळूहळू मोडतात. चिमूटभर धुण्याचा सोडा घातला आणि तपकिरी बाटलीत ठेवले तर आठवडाभर ते भरवशाचे राहते. यातले ५० मिली घेऊन पुन्हा एक लिटर केले की ०.००५ नॉर्मल होते, ते मिठासाठी. पोटॅशियम आयोडाइडचे १० टक्के द्रावण करावे, म्हणजे १० ग्रॅमचे १०० मिली. हे रसायन महाग आहे, पण एका मोजणीला ५ मिली, म्हणजे अर्धा ग्रॅमच लागते. चाळीस मुलांचे आठ गट केले तर दोन्ही प्रयोग मिळून ८ ग्रॅम. २५ ग्रॅमच्या बाटलीत तीन तुकड्या होतात. स्टार्चसाठी एक ग्रॅम तांदळाचे पीठ थंड पाण्यात कालवून १०० मिली उकळत्या पाण्यात सोडावे, निवले की वरचे निवळ घ्यावे. हे मात्र त्याच दिवशी करावे. शिळे स्टार्च निळ्याऐवजी जांभळट-तांबूस रंग देते आणि शेवटचा बिंदू, म्हणजे आयोडीन संपून रंग जातो तो क्षण, ओळखू येत नाही.

आता टीसीएल. गोणीच्या तोंडाशी आलेला कडक थर बाजूला सारून मधली पावडर घ्यावी, तीही बंद बरणीत शाळेत आणावी. वजन व्हरांड्यात, वाऱ्याकडे पाठ करून, चष्मा लावून करावे. एक ग्रॅम पावडर खलात थोड्या पाण्याबरोबर घोटून लोण्यासारखी करायची आणि पाणी घालत २५० मिलीपर्यंत न्यायची. द्रावण दुधाळ दिसते, तसेच असू द्यावे, गाळू नये. जोरात हलवून लगेच २५ मिली शंकुपात्रात घ्यायचे, त्यात ५ मिली पोटॅशियम आयोडाइड आणि त्यानंतर १५ मिली व्हिनेगर. हा क्रम उलटा करू नका. आधी आम्ल पडले तर क्लोरीन वायू होऊन निसटतो, वर्गात वास सुटतो आणि आकडा कमी येतो. आयोडाइड आधी असले की सुटणारा प्रत्येक क्लोरीन आयोडाइडला गाठतो आणि तितकेच आयोडीन मोकळे करतो. पांढरे दूध पाहता पाहता गडद तपकिरी होते, तेच हे आयोडीन.

ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, ०.१ नॉर्मल थायोसल्फेट सोडत गेले की तपकिरी रंग उतरत फिकट पिवळा होतो. तेव्हा कुठे स्टार्चचे एक मिली घालायचे. सुरुवातीलाच घातले तर भरमसाट आयोडीन स्टार्चला धरून बसते, लवकर सुटत नाही आणि शेवटचा बिंदू पुढे ढकलला जातो. स्टार्च पडताच द्रावण निळे-काळे होते. मग थेंब थेंब. एका थेंबाला निळा रंग असतो आणि पुढच्या थेंबाला नाहीसा होतो. तो थेंब प्रत्येक मुलाने स्वतः पाहावा.

हिशेब सोपा आहे. लागलेले मिलिलिटर गुणिले ३.५५ बरोबर उपलब्ध क्लोरीनची टक्केवारी. ताज्या, चांगल्या पावडरीत ती ३३च्या आसपास असते, म्हणजे ९.३ मिली लागायला हवेत. ५.६ मिलीला रंग गेला तर क्लोरीन २० टक्क्यांवर आला आहे. त्याखालच्या पावडरीवर पाणी शुद्धीकरणाची भिस्त ठेवू नये. ब्युरेट सगळ्या गटांना पुरत नसतील तर सुई काढलेली १० मिलीची सिरिंज चालते. पावडरीचे द्रावण प्रत्येक वेळी हलवून घेतले नाही तर दोन गटांचे आकडे जुळत नाहीत, याकडे तेवढे लक्ष असावे.

पावडर कमजोर का होते, याचे उत्तर गोदामात आहे. टीसीएल ओल, ऊन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्याशी सतत झुंजत असते. पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर सुतळीने तोंड बांधून ठेवलेली गोणी दिसायला पांढरीच राहते, वासही येत राहतो, पण क्लोरीन निघून गेलेला असतो. वासावरून जोर ओळखता येत नाही. पावडर ‘आहे’ अशी नोंद वहीत असते आणि तिच्यात ‘किती’ आहे याची नोंद नसते, ही उणीव शाळा भरून काढू शकते.

कारण पुढचे सारे गणित त्या टक्केवारीवर चालते. समजा विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर आहे. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली, भागिले ४, म्हणजे ३७.६८ घनमीटर; लिटरमध्ये ३७,६८०. हजार लिटरला ५ ग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने १८८ ग्रॅम टीसीएल लागते. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर पाण्यात लिटरला १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन जातो. १२ टक्क्यांची असेल तर तेवढ्याच वजनातून जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. पावसाळ्यात विहिरीत पालापाचोळा आणि गढूळ पाणी उतरते, तेव्हा एवढा क्लोरीन त्या सेंद्रिय पदार्थांशी लढण्यातच संपतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. जलसुरक्षकाने, म्हणजे पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या गावच्या माणसाने, माप चुकवलेले नसते, तरी गावात जुलाब लागतात. मुलांना हे गुणाकार-भागाकार येतात. त्यांना ते या विहिरीवर करून पाहायला कोणी सांगत नाही, एवढेच.

पावडर पाण्यात टाकायची रीतही प्रयोगाइतकीच शिकवण्यासारखी आहे. ती थेट विहिरीत फेकायची नसते. एका बादलीत जास्तीत जास्त १०० ग्रॅम घ्यायची, म्हणजे वरच्या विहिरीला दोन बादल्या. आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे ठेवायचे. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडायची आणि वरखाली, आडवी हलवत क्लोरीन सगळीकडे पसरवायचा. तळाचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाण्याचा कठीणपणा वाढतो. त्यानंतर एक तास पाणी उपसायचे नाही. जंतू मरायला क्लोरीनला वेळ लागतो आणि हा तास घाईत खाल्ला तर सगळी मेहनत वाया जाते.

तासाने तपासणी. गावोगावी यासाठी ओटी चाचणी चालते : नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. इथे वेळेला महत्त्व आहे. पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटांनी दिसतो तो मुक्त आणि संयुक्त दोन्हींचा मिळून, आणि संयुक्त क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद बरीच कमी असते. नळी हातात धरून गप्पा मारत बसले तर रंग गडद होत जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगले वाटते. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तरीही खोटा पिवळा रंग येतो. ऑर्थोटोलिडीन स्वतः घातक आहे, कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याचा संशय आहे, म्हणून मुलांच्या हाती ते देऊ नये. शाळेसाठी डीपीडी या क्लोरीन ओळखणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्या घ्याव्यात, त्यांचा रंग गुलाबी येतो. भारतीय मानक १०५०० नुसार वापरणाऱ्याच्या नळाला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळायला हवा. मुलांनी टाकीजवळचे, मधल्या आळीतले आणि शेवटच्या घरचे, असे तीन नमुने आणावेत. शेवटच्या घरी रंगच आला नाही तर वाटेत जलवाहिनी फुटून बाहेरचे सांडपाणी आत शिरते आहे का, हे पाहायला हवे.

याच प्रकरणात एक गोष्ट प्रत्येक वर्गात, दरवर्षी, न चुकता सांगा. संडास-फरशी धुण्याचे ‘ॲसिड’ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते टीसीएलवर किंवा बाटलीतल्या ब्लीचवर पडले की क्लोरीन वायू सुटतो. हे समीकरण मुले परीक्षेत लिहितात आणि डाग निघाला नाही म्हणून तीच दोन्ही एकावर एक ओततात. वायू हवेच्या अडीचपट जड असल्याने खाली साचतो आणि उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या माणसाच्या नाकाशी आधी पोहोचतो. असे झाले तर हातातले सोडून लगेच बाहेर मोकळ्या हवेत यायचे, दार उघडे टाकायचे, इतरांना आत जाऊ द्यायचे नाही. आत पुन्हा काही ओतून ‘मारायचा’ प्रयत्न करायचा नाही. खोकला किंवा छातीत जळजळ राहिली तर दवाखाना गाठायचा, कारण फुप्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते.

दुसरी मोजणी मिठाची. आपल्याकडे मिठात आयोडीन पोटॅशियम आयोडेटच्या रूपात घालतात. नियम असा की कारखान्यातून निघताना ते ३० पीपीएम असावे आणि घरी पोहोचताना १५ पीपीएमपेक्षा कमी नसावे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. दिवसाला १० ग्रॅम मीठ आणि १५ पीपीएम, हा गुणाकार मुलांना करू द्या, उत्तर नेमके १५० येते. मीठ ५ ग्रॅमवर आणले तर तेवढेच मिळायला ३० पीपीएम लागेल, हेही त्यांनाच सुचेल. गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, त्यामागे हेच गणित आहे.

पाकीट उपडे करून मीठ नीट मिसळून घ्यावे, कारण आयोडेट सगळीकडे सारखे पसरलेले नसते. १० ग्रॅम मीठ ५० मिली पाण्यात विरघळवून त्यात एक मिली २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल आणि ५ मिली पोटॅशियम आयोडाइड घालायचे. बूच लावून पात्र दहा मिनिटे कपाटात, अंधारात ठेवायचे. उजेडात ठेवले तर हवेतला ऑक्सिजनही आयोडाइडमधून आयोडीन काढतो आणि मीठ आहे त्याहून चांगले ठरते. मग ०.००५ नॉर्मल थायोसल्फेटने, आधीसारखेच, फिकट पिवळ्यावर आल्यावर स्टार्च घालून. लागलेले मिलिलिटर गुणिले १०.५८ म्हणजे पीपीएम. १५ पीपीएमला १.४ मिली लागतात, ३० ला २.८. आकडे लहान आहेत, म्हणून इथे बारीक खुणांची २ मिलीची सिरिंज घ्यावी, आणि मिठाशिवाय एक कोरी मोजणी करून ती वजा करावी. जुन्या पोटॅशियम आयोडाइडमध्ये स्वतःचेच थोडे आयोडीन सुटलेले असते.

मुलांना घरून नमुने आणायला सांगा : बंद पाकीट, शेगडीशेजारच्या उघड्या बरणीतले मीठ, खडे मीठ आणि सैंधव. सैंधव चांगले म्हणून घरोघरी आले आहे. त्यात वेगळे आयोडीन घातलेले नसेल तर या मोजणीत रंग जवळपास येतच नाही. ते पाहिल्यावर घरातले बोलणे आपोआप बदलते, त्यासाठी भाषण लागत नाही.

फ्लुओरीनची मोजणी शाळेत जमण्यासारखी नाही, पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या शाळांनी तिचे गणित तरी शिकवावेच. पाण्यात फ्लुओराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. पाणी उकळले की जंतू मरतात, फ्लुओराइड मात्र जागेवरच राहते. १.२ मिलिग्रॅमचे ५ लिटर पाणी आटून ४ लिटर झाले की ते १.५ वर जाते. तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण वापरून फ्लुओराइड काढण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेत विकसित झाली. त्या चूर्णाचा या कामातला वाटा ‘उपयोग लिहा’ या प्रश्नाच्या उत्तरात फारसा दिसत नाही.

कठीण पाण्यासाठीही एक स्वस्त मोजणी आहे. पावसाचे आणि बोअरचे पाणी प्रत्येकी २० मिली घेऊन साबणाच्या द्रावणाचे किती थेंब घातल्यावर फेस टिकतो हे मोजावे. साबण खरा हवा. बाजारातल्या पुष्कळ वड्या आणि सगळ्या धुण्याच्या पावडरी डिटर्जंट असतात, त्यांना कठीण पाण्यातही फेस येतो आणि प्रयोग फसतो.

तासिका नाहीत, सामान नाही, अभ्यासक्रम पुरा करायचा आहे, या अडचणी खऱ्या आहेत. पण प्रात्यक्षिक वहीतले दोन प्रयोग काढून त्यांच्या जागी हे दोन घेतले तरी वेळ तेवढाच लागतो. तीव्र सल्फ्युरिक आम्ल विरल करायचे काम मात्र शिक्षकांनीच करावे : आम्ल पाण्यात, थोडे थोडे, ५.६ मिलीचे १०० मिली. बाकी सगळे मुलांना झेपते.

टीसीएलचा प्रयोग शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात घ्यावा. तेव्हा पावडर उन्हाळा खाऊन कमजोर झालेली असते आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरत असते. मिठाचा प्रयोग दिवाळीनंतर चालेल. आलेला आकडा, दिनांक, गोणीवरचा बॅच क्रमांक आणि तीन नळांचे निकाल मुलांच्या सहीने ग्रामपंचायतीला लेखी द्यावेत. टक्केवारी २० खाली आली तर शाळेचा निकाल पुरावा म्हणून न धरता त्याच गोणीचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवावा, अशी विनंती त्या पत्रात जोडावी, आणि पोच घ्यावी.

आपली,
रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी